पायाकडून भरत गेलेला मोर

सन दोन हजार तेवीस, डिसेंबर महिना. तेव्हा माझं वय चौऱ्याहत्तर.

हे आधीच सांगतो, कारण असले अनुभव वाचताना लोक पहिलं हेच म्हणतात की म्हातारा आहे, डुलकी लागली असेल. मला दुपारी डुलकी लागत नाही. आजवर लागलेली नाही. आणि भूत, भानामती, बाहेरचं — या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. फैजपूरच्या स्मशानाजवळच्या खांबावर चढून मी वायर ओढलेली आहे, अमावस्या की पौर्णिमा ते बघितलं नाही. सोबतचे लोक खाली उभे राहून रामाचं नाव घेत होते, मी त्यांना म्हणालो, नाव नंतर घ्या, आधी शिडी धरा.

शाळा माझी चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी विनाकारण मारलं म्हणून गेलो नाही. नंतर मास्तर स्वतः घरी बोलवायला आले तरी गेलो नाही. हे मी बॉलपेननं वहीत लिहिलंय आणि माझी नात तेजू ते टाइप करून पाठवते आहे. तिला बजावलंय — शुद्धलेखन बघ, पण माझं वाक्य सुधारायचं नाही.

धंदा माझा लाइटिंगचा, दुकान फैजपूरला. भागवत लाइटवाले म्हटलं की यावल, रावेर, भुसावळ, जळगावपर्यंत जुने लोक ओळखतात. लग्न, यात्रा, गणपती. आताच्या चिनी माळा नाही म्हणत मी. तेव्हा चालती लाइट असायची. लाकडी पाटीवर झिरोचे रंगीत बल्ब लावून चित्र करायचं — चाक फिरतंय, बाई पाणी शेंदतेय, मोर पिसारा उघडतोय. बघणाऱ्याला वाटतं मोर हलतो. मोर हलत नाही! एकही बल्ब जागचा हलत नाही. एक चित्र विझतं, दुसरं लागतं, एवढंच. ते विझवायला-लावायला खाली पेटीत लाकडाचा रूळ असतो. रुळावर तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांना टेकलेल्या पितळी जिभल्या. मोटर रूळ फिरवते, ज्या जिभलीखाली पट्टी येईल ते चित्र पेटतं. आमच्या मोराची आठ चित्रं होती, म्हणून आठ पट्ट्या.

आता तेजूचं. ती धुळ्याला देवपुरात इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. त्यांच्या कॉलेजात प्रदर्शन होतं, सोमवारी सकाळी अकराला. तिने विषय घेतला आजोबांच्या रुळावरचा मोर, पण कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर. टर्मिनल म्हणजे ती काळी पाटी, जिच्यावर नुसती अक्षरं उमटतात. तिथे चित्र काढता येत नाही. तिने टिंबं, फुल्या, तिरप्या रेघा असल्या अक्षरांचाच मोर केला होता. बावीस ओळींचा एक मोर, असे आठ मोर.

शनिवारी ती घरी आली आणि मला समोर बसवून दाखवू लागली. मी म्हणालो, "हे कळायला मला इंजिनिअर व्हावं लागेल."

"नाही लागणार, आबा. हा बघा कर्सर. हा लुकलुकतो ना चौकोन? अक्षर छापलं जातं ते इथंच. तो कुठं आहे त्यावर सगळं."

"म्हणजे ही जिभली."

"हो! जिभलीच. आता आपण काही लिहिलं की ते छापलं जातं. पण आधी एस्केप पाठवलं, की टर्मिनलला समजतं, आता येईल ते छापायचं नाही, ऐकायचं. मग चौकटी कंस, आकडा आणि एक अक्षर. ए म्हणजे कर्सर वर, बी म्हणजे खाली. एच म्हणजे घरी जा, वरच्या डाव्या कोपऱ्यात. दोन आणि जे म्हणजे अख्खी पाटी पूस."

"आणि मोर कसा हलतो?"

"हलत नाही. पुसायचं, घरी जायचं, दुसरा मोर छापायचा, थोडं थांबायचं. परत पुसायचं."

मी हसलो. म्हणालो, "एवढ्यासाठी तुझा बाप वर्षाला इतकी फी भरतो? हे मी चाळीस वर्षांपूर्वी लाकडावर केलंय."

"म्हणून तर तुमचं नाव टाकलंय रिपोर्टात," ती म्हणाली.

मग तिने मोर चालू केला.

मोर उघडत होता, पण डोळे मिटत-उघडत होता. प्रत्येक चित्रानंतर क्षणभर काळोख. लख्ख, अंधार, लख्ख, अंधार… बघवत नव्हतं. तेजू म्हणाली, "याला फ्लिकर म्हणतात. नेटवर याच्यावर दहा उपाय आहेत, पण सरांची अट आहे, रुळाची मूळ पद्धत जशीच्या तशी हवी, नाहीतर प्रोजेक्टला अर्थ नाही. आणि हे असं लुकलुकत राहिलं तर स्टेजवर घेणार नाहीत, सर स्पष्ट बोललेत. आबा, तुमच्या मोरात तर अंधार पडत नव्हता. सगळे सांगतात, पाण्यासारखा उघडायचा. तुम्ही मला फोनवर सांगितलं तसंच मी केलंय — आधी सगळं विझवायचं, मग पुढचं लावायचं. काही राहिलं का सांगायचं?"

राहिलं होतं. सगळंच राहिलं होतं.

आता इथं मी खरं लिहितो. तो मोर माझा नव्हता. पाटी माझी, बल्ब माझे, गिऱ्हाईक माझं, पण रूळ वामनचा. वामन भडगावचा, माझ्याकडे कामाला होता. दुकानामागच्या खोलीत बायको कमलबरोबर राहायचा. मी मालक, मी शिडीवर, मी मंडळाशी बोलणार. पट्ट्या कापायचं काम त्याचं, ते तो खोलीत करायचा आणि रूळ पेटीत बंद करूनच आणायचा. मी कधी पेटी उघडून बघितली नाही. नोकराचं काम मालकानं काय बघायचं — अशी माझी तेव्हाची अक्कल.

त्या मोराला जळगावच्या एका गणेश मंडळानं ढाल दिली. स्टेजवरून नाव पुकारलं, भागवत लाइटवाले. वामन खाली पेटीजवळ उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर. त्याने माझ्याकडे बघितलं. मी वर गेलो, शाल घेतली, माइकवर सांगितलं की हा मोर मी तीन महिने रात्रंदिवस खपून केला. वामनचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी वामन, कमल आणि रूळ, तिन्ही गेलेले. भांडणसुद्धा केलं नाही त्याने.

मी दुसरा रूळ केला. तो डोळे मिचकावायचा. तिसरा केला, तोही. मग लोकांना सांगत राहिलो की आता चिनी माळा आल्या, कोण बघतो मोर. तेजूला मी फोनवर जी पद्धत सांगितली ती माझ्या त्या दुसऱ्या रुळाची. वामनची मला माहीतच नव्हती. वामन वारून सहा वर्षं झाली होती. आमच्याकडे माणूस गेलं की नातलग, ओळखीचे दारवर जातात. बोलायचं विशेष नसतं, ओट्यावर जाऊन बसायचं असतं. मी गेलो नव्हतो.

आणि हे सगळं नातीसमोर सांगायचं? मी म्हणालो, "राहिलंय थोडं. आठवून सांगतो."

शनिवारची रात्र तशीच गेली. रविवारी सकाळी तिने दोनदा विचारलं. मी एकदा म्हणालो, पट्ट्यांची रुंदी वेगळी होती. तिने थांबायचा वेळ बदलला, उघडझाप आणखी वाढली. दुसऱ्यांदा म्हणालो, मोटर हळू होती. तिने केलं, आणि मोर म्हातारा झाल्यासारखा दिसू लागला. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबा, आठवत नसेल तर तसं सांगा ना. पोरीची झोप गेलीय."

"मला सगळं आठवतं," मी म्हणालो.

दुपारी तीनच्या सुमाराला तेजू रिपोर्टाचे कागद काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेली. सूनबाई गच्चीवर केळीचे वेफर्स वाळत घातले होते ते बघायला. घरात मी एकटा. जाताना तेजूने मोर चालू ठेवला आणि म्हणाली, "नुसतं बघत बसा, आबा. हात लावू नका. बघून काही आठवलं तर सांगा."

पुढच्या खोलीत, खिडकीजवळ टेबल. ऊन पायाशी. लॅपटॉप माझ्यापासून हातभर लांब आणि माझे दोन्ही हात मांडीवर. लख्ख, अंधार, लख्ख, अंधार. मला उठून जावंसं वाटत होतं. पाय हलत होते सारखे. दोनदा उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत बसलो.

तिसऱ्यांदा बसलो आणि उघडझाप थांबली.

मोर अर्धा उघडलेला, जागच्या जागी. मला वाटलं बंद पडलं. पण खाली — मोराच्या पायाशी — तो चौकोन दिसला. कर्सर. लुकलुकत होता. तेजूने मला सकाळीच सांगितलं होतं, कर्सर दिसला की चित्र खराब दिसतं, म्हणून पहिल्याच ओळीत त्याला लपवायचा कोड टाकलाय. तो इथं उघड दिसत होता.

मग तो चालू लागला. हळू. एक अक्षर, एक अक्षर… मोजता येईल इतका हळू. आधी पाय भरले. ती ओळ संपली की वरची ओळ. मग त्याच्या वरची. खालून वर. आणि जुना मोर पुसला नव्हता त्याने! जुन्यावरच नवं ठेवत होता. जिथं जुनं पीस नको होतं, तिथं नुसतीच मोकळी जागा छापून पुढं जायचा. म्हणजे काळोख कुठेच नाही. जुना मोर जाईपर्यंत त्याच्या जागी नवा आलेला असायचा. रुळावर हे साधायचं तर पट्ट्या तिरप्याच कापायला हव्यात, हे मला बघताबघता कळलं.

इथपर्यंत मी म्हणेन, मशीन आहे, काहीही करेल. पण प्रत्येक ओळ संपली की तो चौकोन दोन घरं मागे यायचा आणि दोन घरं पुढे जायचा. मगच वर. प्रत्येक ओळीला. टक-टक, आणि वर.

वामन बल्ब नेहमी पायाकडून तपासत वर जायचा. सगळे वरून खाली करतात. एक रांग झाली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पाटीवर दोनदा ठोकायचा. मी किती वेळा ओरडलो असेन त्याला, अरे ठोकू नको, फिलामेंट तुटेल. तो म्हणायचा, "ठोकल्याशिवाय मला कळत नाही, भाऊ, झालं की नाही."

मी जागचा हललो नाही. हलता आलं नाही असं नाही… हललो नाही. आठही मोर त्याने तसे भरले. आठव्यावरून परत पहिल्यावर आला तेव्हाही अंधार पडला नाही. नंतर तो चौकोन खालच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. लुकलुकला. आणि दिसेनासा झाला. लगेच पूर्वीसारखं — लख्ख, अंधार, लख्ख, अंधार.

गच्चीवरून सूनबाई उतरली. मला बघून म्हणाली, "आबा, घाम कशानं आलाय? थंडीचे दिवस आहेत."

तेजू आली तसं मी विचारलं, "कर्सर लपवला होतास ना?"

"हो. का?"

"खालून वर छापायचं कुठं लिहिलंयस?"

"खालून वर? नाही हो. छपाई वरून खालीच होते. खालून वर जायचं तर प्रत्येक ओळीला 'वर जा' पाठवावं लागेल. मी ए वापरलाच नाहीये कुठं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्ही काही दाबलं का?"

"हात लावू नको म्हणालीस, नाही लावला."

तिने फाइल बघितली. सकाळी अकरानंतर कोणी बदललेली नव्हती. नेट तिच्या फोनचं, आणि फोन तिच्याबरोबर दुकानात. टर्मिनल अडकलं असेल, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, अडकलं तर थांबेल, चित्र कसं काढेल? तासभर तिने पुन्हा तसं घडवून बघायचा प्रयत्न केला. नाही झालं. नंतर कॉलेजच्या सरांनाही विचारलं तिने. ते म्हणाले, वयस्कर माणसाला फ्लिकरकडे बघून भास होऊ शकतो. होऊ शकतो. पण भासातून मला न येणारी गोष्ट कशी येईल, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. मलाही माहीत नाही.

पण त्या वेळी मी काय केलं ते ऐका. तेजूला म्हणालो, "आठवलं मला. पाटी पुसायची नाही. जुन्यावरच नवं छापायचं, मोकळी जागासुद्धा छापायची. पट्ट्या तिरप्या होत्या, पुढची लागायची आणि मगच मागची सुटायची."

आठवलं मला! तेव्हाही हेच तोंडातून निघालं.

तिने पुसायचा कोड काढला. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत मोकळ्या जागांनी भरली. मोर चालू केला, आणि तो पाण्यासारखा उघडला. पोरगी उड्या मारायला लागली. सूनबाईला ओढून आणलं, बापाला फोन केला. मला म्हणाली, "उद्या सर तुम्हाला स्टेजवर बोलावणार आहेत, आबा. शाल देणार आहेत. मी रिपोर्टात लिहिते, ही युक्ती माझ्या आजोबांची." आणि लिहायला बसली. मी बघत होतो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

रात्री जेवण गेलं नाही. अंथरुणावर कूस बदलत राहिलो. बोटं आपोआप खाटेच्या दांडीवर वाजत होती, दोनदा, दोनदा. मी हात अंगाखाली घेऊन झोपलो.

सकाळी सहाच्या बसने आम्ही दोघं निघालो. सूनबाईनं माझी धोतर-टोपी कडक इस्त्री करून दिली होती. जळगाव स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती. तेजू चढली, माझ्यासाठी जागा धरली, खिडकीतून हात करत होती. मी खालीच उभा.

"आबा, चढा ना!"

"तू हो पुढं. रिपोर्टातलं माझं नाव काढ."

"काय?"

"वामन लिही. वामन, भडगाव. मोर त्याचा होता, मी चोरला. कालपण चोरला. स्टेजवर विचारलं तर हेच सांग, असंच सांग."

ती रडवेली झाली. "आबा, आत्ता? आत्ता सांगताय? मी सरांना काय सांगू?"

"सांग, आजोबा खोटारडा आहे. तू नाहीस."

कंडक्टर म्हणाला, बाबा, चढायचं तर चढा, नाहीतर पोरीला बसू द्या. मी बाजूला झालो. गाडी गेली. मी भडगावची बस धरली.

वामनचं घर विचारत विचारत गेलो. कमल ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होती. केस सगळे पांढरे. मी ओट्याच्या कडेला बसलो. राम राम केला नाही. दारवर आलेला माणूस करत नाही. तिने चष्मा वर करून बघितलं. ती अहिराणी बोलते, सगळ्यांना कळावं म्हणून मी बरंचसं मराठीत लिहितो.

"भागवतभाऊ? फैजपूरहून इथं यायला सहा वर्षं लागतात का? मधे रस्ता वाहून गेला होता?"

मी म्हणालो, "मोर वामनचा होता."

"ते माले ठाऊक शे," ती म्हणाली. "तुमले कव्हय समजनं?" म्हणजे, तुम्हाला कधी कळलं?

"पट्ट्या तिरप्या कापायचा ना तो? पुढची लागायची आणि मग मागची सुटायची?"

तिचा हात सुपात थांबला. "मी धरायची, ते कापायचे. खोलीचं दार लावून. आम्हा दोघांशिवाय कोणी बघितलेलं नाही ते. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी तिला काल दुपारचं सगळं सांगितलं. पायाकडून भरणारा मोर, दोन घरं मागे, दोन घरं पुढे. ती घाबरली नाही, हसलीही नाही. चष्मा पदरानं पुसत म्हणाली, "दारवर आलात, तर रडावं लागतं."

"मला रडता येत नाही."

"मंग बठा," ती म्हणाली, आणि तूर निवडू लागली.

खिशात फोन वाजत होता. अकरा वाजले असतील, देवपुरात तेजूचा मोर सुरू झाला असेल. मी फोन काढला नाही. बसून राहिलो.